पाक पाणी, साफ पाणी

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेचा एक पोहण्याचा तलाव आहे. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, एका टोकाला कमरेइतका आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. २०१६ साली तो बंद झाला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरपुढे घागरींची रांग लागलेली आणि इकडे साडेचार लाख लिटर पाण्यात पोरे डुंबताहेत, हे कोणाच्याच मनाला पटणारे नव्हते. तलाव बंद करावा असा जो अर्ज नगरपरिषदेत गेला त्यावर माझी सही होती. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे, त्यामुळे हिशेबही मीच करून दिला होता. दहा हजार लिटरचा एक, असे पंचेचाळीस टँकर. ती सही मी आजही करीन.

जी सही मी केली नाही, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी पाऊस झाला. पुढे बरी वर्षेही आली. तलाव आता उघडा, असा अर्ज कोणी केला नाही. मीही केला नाही. कोणी नकार दिला नव्हता, कोणी आडकाठी केली नव्हती. फाटकाला कुलूप होते आणि ते कुलूप सगळ्यांच्या सवयीचे झाले होते. २०२० साली कोरोना आला तेव्हा तर सगळेच बंद होते, मग एकट्या तलावाची आठवण कोणाला येणार? पावसाचे पाणी त्यात साठत गेले, शेजारच्या पिंपळाची पाने पडत गेली, बेडूक आले, डास आले. पोरांनी मात्र पोहणे सोडले नाही. पोरे उन्हाळ्यात पाणी शोधतातच. ती गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीवर जाऊ लागली. मे २०२२ मध्ये आमच्या मोहल्ल्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा त्या खाणीत बुडाला. त्याचा मोठा भाऊ माझा विद्यार्थी. जनाजा उचलला तेव्हा खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

कब्रस्तानातून परतताना कोणी म्हणाले, अल्लाहची मर्जी. कोणी म्हणाले, आईबापांनी लक्ष ठेवायला हवे होते. कोणी खाणवाल्याला शिव्या दिल्या. तलावाचे नाव कोणीच घेतले नाही. मलाही ते रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले, आणि मग झोप आली नाही.

आपल्याकडे फर्जे-किफाया नावाची एक कल्पना आहे. काही फर्ज प्रत्येकावर असतात: नमाज, रोजा. आणि काही फर्ज साऱ्या जमातीवर मिळून असतात. चार माणसांनी ते पार पाडले की बाकीचे मोकळे. पण कोणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार. जनाजाची नमाज हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. लहानपणी मदरशात हे शिकताना मला त्यातली सोय तेवढी दिसली होती. कोणीतरी करतो, आपण सुटतो. म्हातारपणी त्यातली दुसरी बाजू बोचू लागली. गुन्ह्याची वाटणी तिथे होत नाही. शंभर माणसांनी मिळून एक काम टाळले तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभरावा हिस्सा येतो असे नाही, प्रत्येकाच्या वाट्याला तो पुरता येतो. आधुनिक कायदा असे मानत नाही. कायदा विचारतो, जबाबदार अधिकारी कोण? ठेकेदार कोण? आणि नाव सापडले नाही की फाइल बंद.

मुले बुडू नयेत म्हणून गावाने पाणी राखणे हे शास्त्राप्रमाणे फर्जे-किफाया आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. मी आलिम नाही. पण त्या कल्पनेच्या आरशात मी पाहिले आणि मला माझा चेहरा दिसला, एवढे खरे.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उगाच ओढवून घेताय. बंद तलाव आणि खाणीतला मृत्यू यांचा धागा फार लांबचा आहे. तलाव उघडा असता तरी तो मुलगा खाणीवर गेला असता कशावरून नाही? बरोबर आहे. हे मला सिद्ध करता येणार नाही. परंतु आपण चांगल्या कामाचे पुण्य घेतो तेव्हा धाग्याची लांबी मोजत नाही. विहीर खोदली की तिचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाच्या तहानेचा सवाब खोदणाऱ्याला मिळत राहतो, तो मेल्यानंतरही, असे आपण मानतो. सदका-ए-जारिया म्हणतो. मदिनेत रूमाची विहीर हजरत उस्मान यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. मग सवाब जर पिढ्यान्‌पिढ्या वाहत जात असेल, तर गफलतीचा हिशेब फाटकाशीच का थांबावा?

आणखी एक गोष्ट मला जाणवली. आपल्या गोष्टींत विहीर खोदणारा असतो, विकत घेऊन देणारा असतो. ती उपसणारा, गाळ काढणारा नसतो. तलावाच्या भिंतीत संगमरवरी कोनशिला आहे. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्ष कोण होते, सगळे कोरलेले आहे. गाळ काढल्याची कोनशिला मी आजवर कुठे पाहिली नाही. मशिदींचेही तेच. नवा मिनार उभारायला वर्गणी पंधरा दिवसांत जमते. गळक्या नळाला वॉशर बसवायला वर्ष जाते. बांधणारा दिसतो. राखणारा दिसत नाही, कारण त्याचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही दहा-बारा जणांनी नगरपरिषदेकडून तो तलाव साफ करण्याची परवानगी मिळवली. आमच्यात एक मोटर रिवाइंडिंग करणारा होता, एक फरशी बसवणारा, दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, कॉलेजची पाच-सहा मुले. हिंदू, मुसलमान, बौद्ध, अशी गणती इथे करायला नको. पण वाचकाच्या मनात प्रश्न येणारच म्हणून सांगून टाकतो, तिन्ही होते.

पहिल्या दिवशी काठावर उभे राहून पाहिले तर पाणी हिरवेही नव्हते. हिरव्याच्या पुढचा, चहाच्या चोथ्यासारखा काळपट रंग होता. आमच्या मशिदीचे एक बुजुर्ग सहज फिरत आले होते. थोडा वेळ पाहून हसत म्हणाले, "मास्तर, मसले के हिसाब से तो ये पानी पाक हय. दह दर दह से बडा हौद हय."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्या हनफी फिकहात दहा हात लांब, दहा हात रुंद असा हौद वाहत्या पाण्यासारखा धरतात. त्यात नजासत पडली तरी रंग, चव, वास यांपैकी काही तिच्यामुळे बदलत नाही तोवर पाणी नापाक होत नाही. कोकणातले आपले शाफई भाऊ दोन कुल्ल्यांचे, म्हणजे साधारण दोनशे लिटरचे माप धरतात. आणि साचून राहिल्याने, पाने पडल्याने, शेवाळ धरल्याने पाण्याचा रंग बदलला तर तो बदल पाकीच्या आड येत नाही, असेही बहुतेक फकीह सांगतात. ज्या वाळवंटी मुलखात हे नियम ठरले तिथे त्यांत मोठी दया होती. पाण्यावाचून माणसाची इबादत अडू नये, हा त्यामागचा विचार.

मी म्हणालो, "चाचा, तो फिर वजू कर लो इसमें."

"तोबा!" चाचा म्हणाले आणि दोन पावले मागे सरकले.

त्या 'तोबा'वर मी पुढे कित्येक दिवस विचार करत होतो. पाणी पाक होते आणि तरीही त्याला हात लावायची आपली हिंमत नव्हती. कायद्याने काही नापाक झाले नव्हते. कोणी त्यात घाण टाकली नव्हती. तरीही ते माणसाच्या उपयोगाचे राहिले नव्हते. आपल्या समाजाचे पुष्कळ व्यवहार मला तेव्हा त्या तलावासारखे वाटले. तलाकचा, वारसाहक्काचा, मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला की आपण मसला विचारतो आणि मसल्यात बसते एवढे कळले की निर्धास्त होतो. बहिणीला जमिनीतला वाटा मिळाला का? तिने खुशीने माफ केला, असे आपण सांगतो. कागद पाक असतो. त्या माफीच्या तळाशी किती गाळ आहे, हे हात घालून कोण पाहतो?

असो. तलावाकडे वळू.

साचलेले पाणी काढून टाकायचे ठरले, पण ते गटारात सोडायचे नाही यावर मी अडून बसलो. सात वर्षांत त्यात क्लोरीनचा थेंब पडला नव्हता, म्हणजे झाडांना ते चालणारे होते. कब्रस्तानातल्या लिंबांना आणि शाळेच्या मैदानावरच्या झाडांना ते आठवडाभर पाइपाने दिले. काळ्या मातीच्या जमिनीत हौद एकदम आणि भर पावसाळ्यात रिकामा करू नये, खालच्या पाण्याचा दाब तळ उचलतो, फरशी फोडतो. म्हणून फेब्रुवारी निवडला होता. पाणी उतरल्यावर तळाशी गुडघाभर गाळ निघाला. कुजलेली पाने, बाटल्या, एक सायकल, एका शाळेचा मोडका फळा.

गाळ काढायला आम्ही सगळे उतरलो हे खरे, पण तासाभरात आमच्या कमरा धरल्या. नगरपरिषदेचे चार सफाई कामगार उतरले, त्यांनी तो तीन दिवसांत उपसला. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

त्यानंतर भिंती घासल्या. निघालेल्या फरश्या बसवल्या. डाग काढायला पातळ केलेले अ‍ॅसिड वापरले आणि ते पूर्ण धुऊन निघेपर्यंत ब्लीचिंग पावडरचे पोते आवारातही येऊ दिले नाही. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. घरोघरी संडास धुताना हा खेळ चालतो, म्हणून मुद्दाम लिहितो. फिल्टरच्या टाकीतल्या वाळूचे दगडासारखे गोळे झाले होते, ती सगळी बदलली. मोटर रिवाइंड करून मिळाली, मजुरी न घेता.

नवे पाणी भरले आणि आठवडाभरात त्यावर पुन्हा हिरवी झाक आली. पोरांचा धीर सुटला. पण शेवाळ भिंतीच्या सांध्यांत टिकून असते, ते एका धुण्याने जात नाही. मग मोठी मात्रा द्यायची ठरली. साडेचार लाख लिटर पाण्यात दर दशलक्ष भागांस दहा भाग क्लोरीन व्हायचे तर साडेचार किलो क्लोरीन लागते. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये ते तिसऱ्या हिश्शाहून थोडे कमीच असते, म्हणजे पंधरा किलो पावडर. ती पिंपात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी घ्यायची. आणि द्यायची सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात क्लोरीन उडून जातो. मगरिबनंतर आम्ही काठाकाठाने बादल्या ओतल्या आणि मोटर रात्रभर चालू ठेवली.

सकाळी पाहिले तर पाणी हिरवे नव्हते. पण निळेही नव्हते. ताकासारखे पांढुरके, गढूळ. मेलेले शेवाळ पाण्यात तरंगत होते. मुलांना वाटले बिघडले. खरे तर ती सुधारणेची पहिली खूण होती. तुरटी फिरवून ते तळाशी बसवले, हळूहळू ओढून बाहेर काढले, फिल्टर उलटा धुतला, पुन्हा चालवला. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी खोल टोकाच्या तळावरची निचऱ्याची जाळी काठावरून स्पष्ट दिसली. जाळी दिसत नसेल तर कोणाला पाण्यात सोडू नये, कारण बुडणारा माणूसही दिसणार नाही.

आणि तरीही नितळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही. डोळ्याला काचेसारखे दिसणारे पाणीही आजार देऊ शकते; त्यासाठी रोज थेंब टाकून तपासावे लागते, आम्लता सात दशांश दोन ते सात दशांश आठ, क्लोरीन एक ते तीन भाग. एक गंमत सांगतो. तलावाजवळ गेल्यावर नाकात झोंबणारा वास आला की लोक म्हणतात, औषध जास्त पडले. बहुतेक वेळा उलट असते. पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम आणि पाण्यात केलेली लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास येतो. घाण औषधाची नसते, आपली असते. म्हणून आधी अंघोळ करून मगच उतरा, असा फलक आम्ही लावला आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करून मग त्यातच न्हाण्याची मनाई पैगंबरसाहेबांनी केली, ती हदीस आपण चौदाशे वर्षे ऐकत आलो. पोरांना ती फलकावरून कळावी लागते, हा भाग वेगळा.

तलाव तयार झाला आणि खरा पेच तिथून सुरू झाला. त्यात उतरणार कोण?

पाण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोसला आहे. महाडचे चवदार तळे १९२४ साली नगरपालिकेने ठराव करून सर्वांसाठी खुले केले होते, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सोबतचे लोक प्रत्यक्ष पाणी प्याले, तेव्हा त्यांना मार खावा लागला. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. स्वच्छ पाण्यात शेण कालवून ते शुद्ध होते, असे मानणाऱ्या बुद्धीला काय म्हणावे? हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

आपण मुसलमान ही गोष्ट अभिमानाने सांगतो, कारण मार खाल्लेल्यांना त्या दिवशी महाडच्या मुसलमानांनी घरांत आसरा दिला आणि डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा एका मुसलमान गृहस्थांनी ती दिली. अभिमान रास्त आहे. पण बाबासाहेबांनी दुसरीही एक आठवण लिहून ठेवली आहे आणि ती आपल्या सभांत कोणी सांगत नाही. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ धुवायला त्यांच्यापैकी काहींनी किल्ल्याबाहेरच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. एक दाढीवाले म्हातारे मुसलमान हौद बाटवला म्हणून ओरडत आले, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो, आत कुठे पाण्याला हात लावणार नाहीत यासाठी सोबत शिपाई देऊन. हे आमच्या मराठवाड्यात झाले, त्या वेळच्या निजामी राज्यात. ज्या दीनमध्ये माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, त्या दीनच्या रोजेदारांनी हे केले. कोणत्या मसल्याच्या आधारे? कोणत्याच नाही. ती घाण फिकहाची नव्हती, आजूबाजूच्या हवेतली होती, आणि आम्ही ती श्वासाबरोबर घेतली होती.

परक्या मुलखातही पाण्याच्या वाट्याने माणसे अशीच उघडी पडली. अमेरिकेत मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराला, काळ्या-गोऱ्यांसाठी वेगवेगळे तलाव चालणार नाहीत असे कोर्टाने सांगितले, तेव्हा शहराने सार्वजनिक तलावच बंद करून टाकले. १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवूनही घेतले. वाटून घेण्यापेक्षा कोणालाच नको.

आमच्या गावात असे कोणी बोलले नाही. बोलत नाहीत आता. पहिल्या उन्हाळ्यात महिन्याचा पास तीनशे रुपये ठरला, वीज आणि औषधाचा खर्च भागावा म्हणून. हिशेब पुन्हा मीच केला होता. पासची यादी तयार झाली तेव्हा गाळ उपसणाऱ्या त्या चार कामगारांच्या घरातले एकही मूल तिच्यात नव्हते. मी त्यांच्यापैकी एकाला विचारले. तो म्हणाला, "सर, तीन पोरांचे नऊशे रुपये कुठून आणू? आन् आमची पोरं उतरली तर बाकीचे काय म्हणतील, ते तुम्हाला काय सांगायचं?"

महाडच्या ठरावासारखा आमचा तलावही कागदावर सर्वांसाठी खुला होता.

आम्ही त्यांच्या मुलांना फुकट पास दिले. मग दोन कुटुंबांनी आपले पास परत केले, कारण सांगितले परीक्षेचे. त्यांतले एक घर आमच्या जमातीतले होते. मी त्यांच्याकडे गेलो, चहा प्यायलो, दौलताबादची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत राहिले. मुलगा अजून आलेला नाही.

दुसरा पेच मुलींचा. दुपारी दीड तास मुलींसाठी ठेवावा आणि शिकवायला बाई असावी, असे मी सुचवले तेव्हा आमच्याच मोहल्ल्यातून नापसंती आली. मुलांना पोहायला शिकवा, ही हजरत उमर यांच्या नावाने सांगितली जाणारी शिकवण मी वाचून दाखवली. उत्तर मिळाले, त्यात लडके म्हटले आहे. मी म्हटले, पाणी बुडवताना लडका-लडकी पाहत नाही. यावर चर्चा थांबली. पण ती संपली असे मला वाटत नाही. आज त्या वेळेला अकरा मुली येतात. त्यांतल्या आमच्या तीन.

त्या बुडालेल्या मुलाचे वडील गवंडीकाम करतात. तलाव उघडल्यावर वर्षभर ते त्या रस्त्यानेही गेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस धाकट्या मुलीला घेऊन आले. तिचा पास काढला, पैसे मोजून दिले, फुकट घ्यायला तयार झाले नाहीत. तास संपेपर्यंत ते भिंतीच्या बाहेर दगडावर बसून राहिले. मी जाऊन शेजारी बसलो. २०१६ चा अर्ज, माझी सही आणि न केलेली दुसरी सही, हे सगळे त्यांना सांगायचे म्हणून गेलो होतो. त्यांनी विचारले, "सर, पानी कितना गहरा हय उधर?" मी सांगितले, ती ज्या टोकाला आहे तिथे कमरेइतके. त्यांनी मान हलवली. बाकीचे माझ्याच्याने बोलवले नाही.

मुलगी केस पिळत बाहेर आली. ते उठले, तिची पिशवी घेतली आणि निघाले. मी आत जाऊन संध्याकाळचे पाणी तपासले आणि वहीत आकडे लिहिले.